दिवंगत ढब्बू

लेखकराव सखाच्या मृत्यूवरचं भाषण लिहीत बसले होते. 'तो गेला तेव्हा' इथपर्यंत आले होते, आणि नेमका तेव्हाच तो आला. उघड्या दारातून आत शिरला, हॉलमधल्या चटईवर दोन गिरक्या मारल्या, टेबलाखाली घुसला आणि लेखकरावांच्या पायाचा अंगठा चाटला. लेखकराव किंचाळून उभेच राहिले.

मागोमाग मेहुणी आली. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात स्टीलचं वाडगं, आणि चेहऱ्यावर सुटलो एकदाचे असा आनंद.

"घ्या भावोजी, तुमचा माल. आम्ही निघालो मुलाकडे. पाचवा मजला, तिथे कुत्रा चालत नाही."

"अगं, पण असं न कळवता?"

"कळवलं असतं तर तुम्ही घरी सापडला असता का? कादंबरी होईपर्यंत सांभाळ म्हणाला होतात. कादंबरी होऊन तीन वर्षं झाली. मी कधी चकार शब्द काढला?"

"अगं, पण उद्या त्याचा स्मृतिदिन आहे!"

मेहुणीने टेबलाखाली वाकून पाहिलं. ज्याचा स्मृतिदिन तो मागच्या पायाने कान खाजवत होता.

"स्मृतिदिनाच्या मानाने तब्येत बरी आहे," ती म्हणाली. बहिणीला स्वयंपाकघरात भेटून दोन मिनिटांत ती निघून गेली. तिची गाडी बाहेर चालूच होती.

इथे थोडं मागे जायला हवं, नाहीतर कुणाला वाटेल लेखकराव कुत्र्याला घाबरत होते. तसं काही नव्हतं. ते त्याला कंटाळले होते. कुत्रा मुळात बायकोचा. कुणीतरी रस्त्यावर टाकून दिलेलं पिल्लू तिने उचलून आणलं आणि अंगापेक्षा पोट मोठं म्हणून नाव ठेवलं ढब्बू. ढब्बू मोठा झाला तोही पोटाकडूनच. रंग भिजलेल्या पुठ्ठ्याचा, एक कान उभा आणि एक पडलेला, आणि शेपटी अशी, की कुठल्या बाजूला वळायचं ते तिचं तिलाच ठरवता आलेलं नव्हतं. बायकोवर त्याचा जीव होता ते समजण्यासारखं होतं, ती त्याला खायला घालायची. पण त्याहून जास्त जीव लेखकरावांवर होता, आणि त्याला काही म्हणजे काही कारण नव्हतं. ते बाहेरून आले की हा दारात नाचायचा. ते लिहायला बसले की हा पायाशी पडायचा. आणि माया फारच उफाळून आली, की त्यांची डाव्या पायातली चप्पल पळवून अंगणातल्या लिंबाच्या झाडाखाली पुरून यायचा. उजवीला त्याने कधी तोंड लावलं नाही. लेखकराव नवा जोड आणायचे आणि माळ्यावर उजव्या चपलांचा ढीग वाढत जायचा.

अशात त्यांनी कादंबरी लिहायला घेतली. माणूस आणि कुत्रा यांच्या निर्व्याज मैत्रीची. त्या वेळी असल्या कादंबऱ्यांची भलती चलती होती. घोड्याची झाली होती, हत्तीची झाली होती, एका कासवाच्या मैत्रीवर तर लोक ढसाढसा रडले होते. प्रकाशक म्हणाले, "तुम्ही कुत्रा घ्या. घरात आयता आहे." लेखकरावांनी घेतला. पण 'त्याच्या डोळ्यांत मला माझंच प्रतिबिंब दिसलं' हे वाक्य रंगात येतंय, तेवढ्यात ढब्बूने मांडीवर चिखलाचा पंजा ठेवला आणि दुसऱ्याच मिनिटाला चप्पल घेऊन पळाला. लेखकरावांचं डोकं फिरलं. हा घरात असेपर्यंत कुत्र्यावर एक ओळही लिहून होणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं, आणि ढब्बूची रवानगी मेहुणीकडे झाली. कादंबरी होईपर्यंतच, असं बायकोला सांगितलं.

कादंबरी झाली. तिच्यात ढब्बूचा सखा झाला. सडपातळ, सोनेरी, डोळ्यांत साऱ्या जगाचं शहाणपण. मुखपृष्ठावर प्रकाशकांनी कुठल्यातरी देखण्या कुत्र्याचं चित्र काढून घेतलं, कारण ढब्बूचा फोटो पाहून चित्रकार म्हणाला होता, "ह्याच्यावर पुस्तक कोण उचलणार?" शेवटच्या प्रकरणात सखा मालकाची वाट पाहत फाटकाशी बसून राहतो आणि तिथेच प्राण सोडतो. मालक त्याला लिंबाखाली पुरतो आणि शपथ घेतो, की या घरात पुन्हा कुत्रा येणार नाही, सखाची जागा रिकामीच राहील. प्रकाशनाच्या समारंभात कुणीतरी उठून विचारलं, "सर, हे सगळं खरं आहे का हो?" लेखकरावांचा घसा त्या दिवशी सर्दीने बसला होता. त्यांनी नुसती मान हलवली. झालं! पुढच्या आवृत्तीवर 'एक खरी गोष्ट' असं छापून आलं. त्याच्या पुढच्या आवृत्तीला प्रकाशकांनी लिंबाखाली काळा दगड बसवून दिला, त्यावर ती शपथ कोरून घेतली. आणि दर वर्षी वाचकमंडळ बस करून तिथे रडायला यायला लागलं. बायको अधूनमधून विचारायची, "ढब्बूला कधी आणायचं?" लेखकराव म्हणायचे, "ही आवृत्ती संपू दे." आवृत्त्या काही संपत नव्हत्या.

तर मेहुणी गेली आणि बायको ओले हात पुसत हॉलमध्ये आली. ढब्बूने टेबलाखालून जी झेप घेतली, तिच्यात भाषणाचे कागद, पेन आणि चहाचा कप सगळं खाली आलं. बायको जमिनीवर बसली. तो तिच्या तोंडाला चाटत होता, ती त्याला बदडत होती, हसत होती आणि रडतही होती. लेखकराव भाषणावरचा चहा टिपत उभे राहिले.

"म्हातारा झालास रे," ती म्हणाली. "बघा हो, तोंड पांढरं झालं त्याचं."

"ते राहू दे. उद्या वाचक येणारेत. ह्याला उद्यापुरतं कुठेतरी..."

"कुठेही नाही." बायको उठली. "तीन वर्षं ऐकलं मी तुमचं. आता तो इथेच राहील."

"अगं, पण सांगू काय लोकांना? मेलेला कुत्रा उठून आला?"

"नवीन आणलाय म्हणा."

"नवीन कसा म्हणू? शपथ आहे ना! बाहेर दगडावर कोरलीय!"

"कोरायच्या आधी विचार करायचा होता."

लेखकरावांनी डोकं धरलं. जुना म्हणावा तर तो मेलेला, नवा म्हणावा तर शपथ मोडलेली. स्वतःच्याच कादंबरीने त्यांना असं दोन्हीकडून कोंडीत पकडलं होतं.

"हे बघा," बायको म्हणाली, आणि तिचा आवाज जरा खाली आला. "तुमच्या पुस्तकाबद्दल मी कधी बोलले नाही, उद्याही बोलणार नाही. कुठे लपवायचा तिथे लपवा त्याला. पण कुणी तोंडावर विचारलं, की हा कुणाचा, तर 'आमचा' म्हणायचं. एवढा एक शब्द. जास्त काही मागत नाही मी."

"आणि समजा, नाही जमलं?"

"तर मी समजेन, की पुढच्या पुस्तकात माझी पाळी."

संध्याकाळी प्रकाशक आले. दगडाभोवती फुलांच्या कुंड्या मांडायच्या होत्या, त्या घेऊन आले. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि थबकले.

"हा कोण?"

"हा... तो," लेखकराव म्हणाले.

"तो म्हणजे?"

"सखा."

प्रकाशकांनी भिंतीवरच्या मोठ्या मुखपृष्ठाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. ढब्बू उताणा पडून पाय हवेत ठेवून घोरत होता.

"हा? ह्याच्यासाठी एवढी माणसं रडतात?" मग त्यांच्या डोक्यात पुढचा प्रकाश पडला. "म्हणजे हा जिवंत आहे?"

"दिसतोय ना समोर."

"अहो, पण मेलाय तो! आपण मारलाय! नवी आवृत्ती छपाईला गेलीय माझी!" प्रकाशक मटकन खुर्चीत बसले. "लेखकराव, वाचकाला सगळं चालतं. लेखक चोरी करो, दारू पिवो, बायकोला सोडो, वाचक दुसऱ्या दिवशी विसरतो. पण त्याला रडवून घेतलं आणि कुत्रा जिवंत निघाला, तर तो आपलं रडं परत मागेल. ते कुठून आणून देणार तुम्ही?"

आवाजाने ढब्बू जागा झाला आणि प्रकाशकांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून उभा राहिला. प्रकाशकांनी सवयीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"वय काय असेल हो ह्याचं?"

"दहा. अकरा असेल."

"अच्छा." प्रकाशक जरा सावरले. "म्हणजे तसा फार काळाचा प्रश्न नाही म्हणा."

ढब्बूने शेपूट हलवली. स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढब्बूला बाथरूममध्ये बंद केलं. खाली गोणपाट, वाडग्यात पाणी, आणि बाहेरून कडी. बस आली. वाचक उतरले. प्रत्येकाच्या छातीवर सोनेरी कुत्र्याचा बिल्ला. सगळ्यांत पुढे अध्यक्षबाई. वाचकमंडळ त्यांनीच काढलेलं, शेवटचं प्रकरण त्यांना तोंडपाठ, आणि कुठल्याही ऋतूत हातात छत्री. त्यांच्या मागे पिशव्या घेऊन त्यांचे यजमान. त्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. दर वर्षी पिशव्या धरायला येत, आणि कुणी बोललं तर हसत.

हॉल भरला. अध्यक्षबाई उभ्या राहिल्या आणि शेवटचं प्रकरण म्हणू लागल्या. 'अंधार दाटला, पाऊस कोसळू लागला, पण सखा फाटकाशी बसूनच होता...' पहिला हुंदका आला, दुसरा आला, रुमाल निघाले. आणि आतून एक लांबलचक, काळीज पिळवटणारा आवाज आला, "आऊऊऊ..."

सगळे रुमाल हवेतच थांबले.

"पाइप," लेखकराव म्हणाले. "पाण्याचा. जुना झालाय."

अध्यक्षबाईंनी पुन्हा सुरुवात केली. पाइपनेही केली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "ढब्बू! गप बस बघू!"

पाइप गप्प बसला. हॉलमधली झाडून सगळी डोकी लेखकरावांकडे वळली.

"ढब्बू कोण, सर?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली होती. हातात चमचा होता, आणि ती नवऱ्याकडे पाहत होती. आता बोला, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. लेखकरावांनी तिच्याकडे पाहिलं, प्रकाशकांकडे पाहिलं, भिंतीवरच्या सोनेरी कुत्र्याकडे पाहिलं.

"मी," ते म्हणाले. "घरात मला ढब्बू म्हणतात."

आणि हॉलभर कौतुकाची लाट आली. "अय्या!" "किती साधे हो सर तुम्ही!" "एवढा मोठा माणूस, आणि घरात ढब्बू!" एका ताईंनी तर शेजारणीला कोपरखळी मारली, "नातं असावं तर असं." बायको पाहतच राहिली. मग तिने मान डोलावली, म्हणजे असं आहे तर, आणि पदराला चमचा पुसला.

"ढब्बू," ती गोड आवाजात म्हणाली, "खाली बस."

लेखकराव उभे होते, ते बसले.

"शहाणा माझा तो. आणि पाहुण्यांच्या अंगावर धावून जायचं नाही, कळलं?"

लोक हसून हसून बेजार झाले. लेखकरावही हसले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

इतका वेळ पिशव्या धरून कोपऱ्यात उभे असलेले यजमान हळूच पुढे आले आणि कुजबुजले, "ढब्बूसर, जरा बाथरूम?"

आता पाहुण्याला बाथरूमला जाऊ नका म्हणणार कसं? लेखकरावांनी तोंड उघडलं, "तिथे पाइपचं काम..." पण यजमान सज्जन माणूस, "चालेल चालेल, मी सांभाळून घेतो" म्हणत निघालेसुद्धा. कडी निघाल्याचा आवाज लेखकरावांना ऐकू आला. पुढचं काहीच ऐकू आलं नाही, आणि ते जास्त भयंकर होतं. बराच वेळ गेला. यजमान परत आले तेव्हा चेहरा उजळला होता आणि पँटवर गुडघ्यापर्यंत पुठ्ठ्याच्या रंगाचे केस होते.

"छान आहे हो तुमचा पाइप," ते लेखकरावांच्या कानात म्हणाले. "पोटावर खाजवलं की पाय हलवतो."

"दार लावलंत ना?"

"लावलं की." यजमान विचारात पडले. "बहुतेक."

तोवर मंडळी अंगणात निघाली होती. लिंबाखालच्या काळ्या दगडाभोवती सगळे गोल करून उभे राहिले. लेखकरावांनी चहाचे डाग पडलेलं भाषण उलगडलं. "तो गेला तेव्हा," त्यांनी सुरुवात केली, "माझ्या आयुष्यातली एकमेव निःस्वार्थ..." आणि लोकांच्या पायांमधून, बिल्ल्यांना धक्के देत, आपलं पोट सांभाळत ढब्बू आला. तो कुणाकडेही न पाहता थेट दगडापाशी गेला, हुंगला, एक कुंडी आडवी केली, आणि पुढच्या दोन्ही पंजांनी सपासप माती उडवायला लागला.

"अगं बाई! सखाचं स्मृतिस्थळ!"

"हाकला त्याला! हाड! हाड!"

"कुणाचं मेलं हे घाणेरडं कुत्रं?"

ज्यांचे डोळे सखासाठी ओले होते त्यांनीच खाली वाकून खडे उचलले. एक खडा ढब्बूच्या पाठीत बसला, तो केकाटला, पण उकरायचा थांबला नाही. तीन वर्षं त्याच्या डोक्यात हेच एक काम राहिलं असावं. अध्यक्षबाई छत्री उगारून पुढे सरसावल्या आणि त्यांनी दोन सणसणीत फटके ठेवून दिले. "निर्लज्जा! तुला कळतंय का, इथे कोण झोपलाय?" यजमान मध्ये पडले, म्हणून तिसरा फटका त्यांना बसला.

तेवढ्यात ढब्बूला हवं ते मिळालं. त्याने मातीतून काहीतरी ओढून काढलं, झटकलं, आणि गर्दीतून वाट काढत लेखकरावांसमोर आणून ठेवलं. डाव्या पायातली चप्पल. पट्टा कुजलेला, टाच गेलेली, पण चप्पल त्यांचीच. ती त्यांच्या बुटाला टेकवून तो खाली बसला आणि मान वर करून पाहू लागला. शेपूट मातीवर आपटत होती. पळवलेली चप्पल त्याने आपणहून परत आणून देण्याची ही पहिलीच वेळ होती.

लेखकराव वाकू लागले. खरंच वाकू लागले, खोटं कशाला बोला! त्यांचा हात अर्धवट खालीही गेला. पण अध्यक्षबाईंनी ती चप्पल पाहिली आणि त्यांना हुंदका फुटला.

"सर! तुमची चप्पल! तुम्ही सखाबरोबर आपली चप्पल पुरली होती?"

"आणि पुस्तकात हे लिहिलंसुद्धा नाही!" कुणीतरी म्हणालं.

"काही दुःखं लिहायची नसतात," प्रकाशक चटकन म्हणाले, आणि त्यांनी खिशातून पेन काढून हे वाक्य टिपून ठेवलं.

सगळं अंगण रडत होतं. अध्यक्षबाईंनी डोळे पुसले आणि छत्रीचं टोक ढब्बूवर रोखलं. "सर, तुम्ही समोर आहात म्हणून गप्प आहे. पण हे कुत्रं आहे तरी कुणाचं?"

प्रश्न असा सरळ तोंडावर आला. बायको पायरीवर चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला नाही, नुसती वाट पाहत राहिली. लेखकरावांना तो शब्द चांगला आठवत होता. तीन अक्षरं. तोंडात आलाही होता. पण समोर एवढी ओली तोंडं, एवढे बिल्ले, आणि मागे प्रकाशक इतक्या जोरात मान हलवत होते की चष्मा पडायला आला होता. ढब्बूने पंजा उचलून त्यांच्या बुटावर ठेवला.

लेखकरावांनी पाय मागे घेतला.

"कुणाचं कोण जाणे," ते म्हणाले. "भटकं असेल."

पायरीवरचे कप एकदा खणखणले आणि थांबले. ढब्बूला शब्द कळत नव्हते, पण बूट गेलेला कळला. त्याने पंजा हवेतच ठेवून थोडी वाट पाहिली, मग तो खाली ठेवला.

"भटकं आहे ना? नक्की?" यजमान पुढे आले. कोपर चोळत होते. "कुणाचंच नाही?"

"नाही," लेखकराव म्हणाले.

"मग मी काय म्हणतो," यजमानांनी घसा खाकरला. आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या माणसांसमोर बोलत असावेत. "आज सखाचा दिवस. आणि आजच्याच दिवशी असा एक निराधार जीव त्याच्या दगडापाशी यावा, हा काही योगायोग नव्हे. आपल्या अध्यक्षबाईंच्या मनात आहे, की सखाची आठवण म्हणून ह्याला आमच्या घरी न्यावं."

"माझ्या मनात?" अध्यक्षबाई दचकल्या.

"तीस वर्षं मागतोय मी कुत्रा," यजमान लेखकरावांच्या कानात पुटपुटले. "घरात केस होतात म्हणते." मग मोठ्याने म्हणाले, "वाजवा टाळ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "बाई, धन्य तुमची!" "ह्याला म्हणतात खरं प्रेम!" अध्यक्षबाईंनी सगळीकडे पाहिलं. छातीवर सोनेरी कुत्र्याचा बिल्ला, भोवती सगळं मंडळ, आणि बोलायचं ते काय? त्यांचा चेहरा लेखकरावांना फार ओळखीचा वाटला. थोड्याच वेळापूर्वी हॉलमध्ये 'मी' म्हणताना आपला असाच झाला असणार.

"अर्थात," अध्यक्षबाई अंग चोरून म्हणाल्या. "माझ्या... मनात होतंच."

यजमान पायरीपाशी गेले. बायकोने ट्रे खाली ठेवला, आत गेली आणि पट्टा घेऊन आली. वाडगं मात्र आणलं नाही. "भटक्याचा पट्टा तुमच्याकडे कसा?" असं यजमानांनी विचारलं नाही. त्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण बाथरूममधलं गोणपाट पाहिलं होतं.

"दुधात पाव कुस्करून आवडतो त्याला," बायको म्हणाली. "आणि डावी चप्पल सांभाळा."

"तुम्ही रविवारी येत चला," यजमान म्हणाले. "मंडळाची बैठक असते आमच्याकडे. सभासद झालात की झालं."

"होईन की," बायको म्हणाली. पुस्तक तिने अजून उघडलंही नव्हतं.

बस निघाली. ढब्बू पुढच्या खिडकीत बसला होता, यजमानांच्या मांडीवर पाय देऊन, एक कान उभा आणि एक वाऱ्यावर. अध्यक्षबाई मागे दांड्याला धरून उभ्या होत्या. लेखकराव फाटकाशी थांबले. शेवटच्या प्रकरणात त्यांनी जिथे सखाला बसवलं होतं, बरोबर तिथे. तो एकदा तरी वळून पाहील असं त्यांना वाटलं. लिहिलं असतं तर त्यांनी नक्की वळवला असता. बस कोपऱ्यावर गेली तरी ढब्बू पुढेच पाहत होता.

प्रकाशक मात्र हवेत होते. "लेखकराव, चप्पल म्हणजे लॉटरी आहे! नव्या आवृत्तीत एक जास्तीचं प्रकरण टाकू. 'चप्पल'! उद्या सकाळपर्यंत द्या. आणि हिला काचेच्या पेटीत ठेवू." त्यांनी चप्पल वर्तमानपत्रात गुंडाळून घेतली आणि गेले.

 बायकोने कप विसळले, बाथरूममधलं गोणपाट उचललं, अंगणातली आडवी कुंडी उभी केली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात लेखकरावांना उत्तरं सुचत. पण ती त्यांच्या शेजारून अशी ये-जा करत होती, जशी आपण पाहुणे गेल्यावर उरलेल्या खुर्चीच्या बाजूने जातो.

संध्याकाळी ते टेबलाशी बसले. 'चप्पल' असं शीर्षक लिहिलं. 'त्या दिवशी मी माझी चप्पल त्याच्याबरोबर पुरली, कारण' असं लिहिलं आणि कारण शोधत बसले. पायाशी काहीच नव्हतं, लिहायला अडथळा म्हणून नव्हता. स्वयंपाकघरात पाव कुस्करल्याचा, वाडग्यात दूध ओतल्याचा आवाज आला. मग बायकोची हाक आली. सकाळची गोड आवाजातली नव्हे. साधी, रोजची, पूर्वी संध्याकाळी याच वेळी यायची तशी.

"ढब्बू! चल, जेवायला."

लेखकराव उठले. आपण का उठलो ते त्यांना दारापर्यंत कळलं नाही, आणि कळल्यावर वाटलं, हाक मारलीय ना, म्हणजे राग गेला असेल. ते स्वयंपाकघरात गेले. बायको हातात स्टीलचं वाडगं घेऊन वाकली होती, ढब्बूच्या जुन्या कोपऱ्याकडे. पावलं ऐकून तिने वर पाहिलं. लेखकराव दारात उभे होते, थोडे हसत होते.

तिने वाडगं कोपऱ्यात ठेवलं.

"तुम्हाला नाही," ती म्हणाली.